लोकांना कायदा शिकवता शिकवता: कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी पहिल्या सत्राची तयारी

'आरोपी' आणि 'गुन्हेगार' यांतला फरक उत्तरपत्रिकेत लिहायला चार ओळी पुरतात. पण समोर बसलेल्यांपैकी कोणी विचारतं, "पोलिसांनी धरलंय म्हणजे काहीतरी केलंच असेल ना?" तेव्हा तोच फरक एकही अवघड शब्द न वापरता, कारणासकट, तिथल्या तिथे सांगावा लागतो. पाठ केलेली व्याख्या अशा वेळी हाताशी येत नाही. निर्दोषत्वाचं गृहीतक (गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपीला निर्दोष मानणं) कशासाठी आहे, सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर का टाकली, ती आरोपीवर टाकली असती तर काय झालं असतं, हे सगळं मनात लख्ख असेल तरच उत्तर सुचतं. लोकांना कायदा शिकवण्याचा विद्यार्थ्याला होणारा खरा फायदा हाच आहे. आपल्याला काय समजलंय आणि काय नुसतं पाठ आहे, हे इथे तासाभरात कळतं.

ही पद्धत जुनी आहे. १९७२ साली वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउन विद्यापीठातले कायद्याचे विद्यार्थी शहरातल्या हायस्कुलांत जाऊन रोजच्या जगण्यातला कायदा शिकवू लागले. त्या उपक्रमाला 'स्ट्रीट लॉ' हे नाव मिळालं. १९८० च्या दशकात डर्बनच्या नाताळ विद्यापीठातले प्राध्यापक डेव्हिड मॅकॉइड-मेसन यांनी ही पद्धत दक्षिण आफ्रिकेत रुजवली, आणि आज अनेक देशांतली लॉ कॉलेजं शाळांत, तुरुंगांत, वस्त्यांत अशी सत्रं घेतात. कायदे देशागणिक बदलतात, पण सत्र घेण्याची रीत सगळीकडे जवळपास सारखीच आहे. एक गोष्ट कुठेच बदलत नाही: भाषण द्यायचं नाही. लोकांच्या हातात प्रसंग द्यायचा, त्यांना वाद घालू द्यायचा, निकाल द्यायला लावायचा आणि मग कायदा काय म्हणतो ते सांगायचं.

आधी माणसं जमवा

एकट्याने सत्र घेऊ नका. दोघांची जोडी असावी: एक बोलतो तेव्हा दुसरा घड्याळ, मागच्या रांगा आणि सुटलेले प्रश्न यांवर लक्ष ठेवतो. २० ते ३० श्रोत्यांना दोघे पुरतात. त्याहून जास्त असतील तर तिसरा सोबती घ्या, नाहीतर गटकामाच्या वेळी अर्धा वर्ग वाऱ्यावर राहतो.

जोडीइतकाच पर्यवेक्षकही गरजेचा. तो कायद्याचा प्राध्यापक किंवा सनद असलेला वकील असावा, आणि तुमचा आराखडा त्याने सत्राच्या किमान आठवडाभर आधी वाचलेला असावा. आदल्या रात्री पाठवलेला आराखडा कोणी नीट वाचत नाही. चूक सापडलीच तर ती दुरुस्त करायलाही वेळ उरत नाही.

पहिल्या एक तासाच्या सत्राला ८ ते १० तासांची तयारी धरून चाला. तेच सत्र दुसऱ्यांदा घेताना दोन-तीन तास पुरतात.

विषय अरुंद करा

'ग्राहकांचे हक्क' हा एका तासाचा विषय होत नाही, त्याचं सेमिस्टर होतं. 'बिघडलेली वस्तू दुकानदार परत घेत नाही, आता काय?' हा तासाचा विषय. 'अटक' हा विषय मोठा आहे, 'रस्त्यात पोलिसांनी थांबवलं तर मी काय विचारू शकतो आणि काय सांगावंच लागतं?' हा बेताचा.

विषय स्वतःच्या आवडीने ठरवू नका. ज्या शाळेत, वाचनालयात किंवा संस्थेत जाणार आहात तिथल्या माणसाला विचारा: गेल्या काही महिन्यांत लोक कोणत्या अडचणी घेऊन आले? विद्यार्थ्याला घटनात्मक खंडपीठाचा निकाल रंगवून सांगायचा असतो, आणि समोरच्याला डिपॉझिट परत कसं मिळवायचं ते हवं असतं. हा डिपॉझिटचाच विषय निवडा. शिकायला त्यात जास्त मिळतं.

मग सत्राच्या शेवटी श्रोत्याला काय करता आलं पाहिजे ते तीन वाक्यांत लिहा. 'कायद्याची जाणीव होईल' असलं वाक्य बाद, कारण ते तपासता येत नाही. 'पावती आणि हमीपत्र वाचून तक्रारीची मुदत शोधता येईल', असं लिहा. तीनपेक्षा जास्त उद्दिष्टं ठेवलीत तर तिसऱ्याच्या पुढचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

कायदा पुन्हा वाचा, या वेळी श्रोत्यासाठी

वर्गातल्या नोट्सवर विसंबू नका. मूळ अधिनियमाचा आजचा, सुधारणांसह असलेला मजकूर काढा आणि तो कोणत्या तारखेला तपासला ते आराखड्यावर लिहा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. कलमाचा क्रमांक बदललेला असतो, मुदत किंवा रकमेची मर्यादा वाढलेली असते, किंवा वर्गात शिकवलेला निवाडा वरच्या न्यायालयाने फिरवलेला असतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे मालिका-चित्रपटांतला परदेशी कायदा आपला समजणं. ती श्रोतेही करतात आणि विद्यार्थीही.

विषयाचं एक पान तयार करा. त्यात नियम, त्याचा अपवाद, मुदत, जायचं कुठे, सोबत काय न्यायचं, खर्च किती आणि नियम मोडला तर पुढे काय होतं, एवढं हवं. परीक्षेच्या अभ्यासात पहिले दोन मुद्दे येतात, उरलेले सहसा येत नाहीत. श्रोते मात्र त्या उरलेल्यांबद्दलच विचारतात. हक्क असणं आणि तो मिळवणं यांत किती पायऱ्या आहेत, ते हे पान भरताना पहिल्यांदा दिसतं.

कलमाचं बोली भाषेत रूपांतर

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. समजा भाडेकरारात असं कलम आहे:

"भाडेकरूने ठरलेल्या मुदतीपूर्वी, लेखी पूर्वसूचना न देता जागा सोडल्यास, वाजवी झीज वगळता जागेच्या झालेल्या नुकसानीची रक्कम अनामत रकमेतून वळती करण्याचा अधिकार मालकास राहील."

विद्यार्थ्याचा पहिला खर्डा बहुधा असा येतो: "न सांगता घर सोडलं तर मालक डिपॉझिट कापू शकतो." वाक्य सुटसुटीत आहे, पण चुकीचं आहे. 'मुदतीपूर्वी' गेलं, 'लेखी' गेलं, कापायची रक्कम नुकसानीपुरतीच आहे हे गेलं आणि वाजवी झीजेचा अपवादही गेला. हे ऐकून घरी गेलेला माणूस पूर्ण डिपॉझिटवर पाणी सोडेल.

दुसरा खर्डा: "मुदत संपायच्या आधी, लेखी न कळवता घर सोडलं, तर घराचं जेवढं नुकसान झालंय तेवढे पैसे मालक डिपॉझिटमधून कापू शकतो. रोजच्या वापराने रंग उडाला, नळ सैल झाला, असल्या गोष्टींचे पैसे मात्र या कलमाखाली कापता येत नाहीत."

आता हे वाक्य कायदा न शिकलेल्या कुणाला तरी वाचून दाखवा आणि गप्प बसा. प्रश्न येतील. "लेखी कळवून सोडलं, पण खिडकी फुटलेली असली तर?" "मोबाइलवरचा मेसेज लेखी धरतात का?" "नुकसान किती झालं ते ठरवणार कोण, मालकच का?" पहिल्या प्रश्नावर कलम काहीच बोलत नाही. मग कराराची बाकीची कलमं पाहावी लागतात, तिथेही नसेल तर भाडे कायदा आणि कराराचे सर्वसाधारण नियम. करार गप्प असतो तेव्हा कायदा कुठून येतो, हा कराराच्या कायद्यातला मोठा धडा आहे, आणि तो इथे खिडकीच्या काचेवरून शिकायला मिळतो.

रूपांतर करताना चार शब्दांवर बोट ठेवून वाचा: 'शकेल', 'पाहिजे', 'आणि', 'किंवा'. 'न्यायालय आदेश देऊ शकेल' याचं 'न्यायालय आदेश देतं' झालं की ज्याची खात्री नाही त्याची खात्री तुम्ही दिलीत.

मराठीत आणखी एक अडचण आहे. कायद्याचे बरेच शब्द लोकांच्या तोंडी वेगळ्या अर्थाने बसलेले असतात. 'जामीन' म्हणजे कोणाला हमी राहणारा माणूस वाटतो, कोणाला सुटकेचा आदेश. शिवाय जामीन झाला म्हणजे केस संपली, असा समज तर घरोघरी आहे. 'ताबा' आणि 'मालकी' एकच समजले जातात. 'नोटीस आली' म्हटलं की शिक्षा झाल्यासारखं वाटतं. त्यामुळे असा शब्द वापरायच्या आधी श्रोत्यांनाच विचारा, "हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं?" उत्तरं फळ्यावर लिहा आणि मग कायद्यातला अर्थ त्यांच्या शेजारी मांडा. शब्द बदलून सोपा करण्यापेक्षा हे जास्त टिकतं, कारण उद्या कागदावर त्यांना तोच मूळ शब्द दिसणार आहे.

अगदी पहिलं सत्र: बागेची पाटी

पहिल्यांदा उभं राहताना ज्यात कायद्याची माहिती चुकायची भीतीच नाही असं सत्र घ्या. फळ्यावर एक ओळ लिहा: 'बागेत वाहनांना मनाई आहे.' मग एकेक प्रसंग सांगा आणि हात वर करायला लावा. पोराची तीनचाकी सायकल? चक्कर येऊन पडलेल्या माणसासाठी आलेली रुग्णवाहिका? विजेवर चालणारी चाकाची खुर्ची? हौदात पाण्यावर चालणारी रिमोटची बोट? युद्धात वापरलेला ट्रक चौथऱ्यावर स्मारक म्हणून ठेवायचा असेल तर?

उदाहरण प्रसिद्ध आहे. १९५८ साली कायद्याचे तत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी बागेतल्या वाहनांचा हा नियम कायद्याच्या अर्थाविषयीच्या वादात वापरला, आणि दुसरे तत्त्वज्ञ लॉन फुलर यांनी त्याच वर्षी स्मारकाच्या ट्रकने त्यांना उत्तर दिलं. श्रोत्यांना ही नावं सांगायची गरज नाही. दहा मिनिटांत खोलीत दोन तट पडतात: शब्द धरून चालणारे आणि नियमाचा हेतू विचारणारे. तेव्हा प्रत्येकाला विचारा, "तुम्ही रुग्णवाहिकेला सूट दिलीत, ती कोणत्या शब्दावरून?" शेवटची दहा मिनिटं चार-चार जणांच्या गटांनी पाटी नव्याने लिहायची. 'यांत्रिक' शब्द घातला की चाकाची खुर्ची अडकते, तो काढला की सायकल. अपवाद वाढत जातात आणि पाटी कलमासारखी लांब होते. कायदे इतके किचकट का असतात, हे लोकांना स्वतःच्या हाताने कळतं. तुम्हाला मिळतो अर्थान्वयनाच्या (कायद्याचा अर्थ लावण्याच्या) शाब्दिक आणि हेतुनिष्ठ नियमांचा जिवंत धडा, आणि तो मी तरी कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या प्रकरणापेक्षा वरचा मानतो.

एक तासाचा आराखडा

दुसऱ्या सत्रापासून खऱ्या विषयाला हात घाला. मिनिटं अशी बांधा: ओळख आणि 'आम्ही माहिती देतो, सल्ला नाही' ही सूचना ५, प्रसंग वाचून पहिला कौल ७, नियम सांगणं १०, बाजूंची तयारी ८, छोटा खटला १०, चर्चा १२, 'उद्या काय करायचं' ५, चिठ्ठ्या ३. तुम्ही सलग बोलायची वेळ फक्त त्या दहा मिनिटांची. तीच वाढते. सोबत्याने आठव्या मिनिटाला खूण करायची आणि दहाव्याला थांबवायचं, हे आधीच ठरवून घ्या.

पहिला कौल नियम सांगायच्या *आधी* घ्यायचा, हे महत्त्वाचं. स्वतःचं मत एकदा मांडलं की माणूस नियम कान देऊन ऐकतो, कारण आपण बरोबर होतो का ते त्याला पाहायचं असतं.

छोटा खटला असा चालतो. २४ जण असतील तर ८ वादी, ८ प्रतिवादी, ८ न्यायाधीश. तयारीच्या आठ मिनिटांत एका भूमिकेचे लोक चार-चारच्या गटांत बसून मुद्दे काढतात, न्यायाधीश विचारायचे प्रश्न काढतात. मग प्रत्येकी एक वादी, एक प्रतिवादी, एक न्यायाधीश अशी आठ न्यायालयं एकाच वेळी भरतात. वादी दोन मिनिटं, प्रतिवादी दोन मिनिटं, न्यायाधीशाचे प्रश्न तीन मिनिटं, निकाल आणि त्याची कारणं तीन मिनिटं. कोणीही नुसतं बघत बसत नाही, आणि सगळ्यांसमोर बोलायला लाजणारे इथे दोघांसमोर बिनधास्त बोलतात.

प्रसंग अर्ध्या पानाहून मोठा नको. दोन्ही बाजूंना तीन-तीन धड मुद्दे मिळायला हवेत. एकतर्फी प्रसंग दिलात तर आठही न्यायाधीश एकच निकाल देतात आणि चर्चेला काही उरत नाही. प्रसंग समतोल आहे का हे कळायला आधी मित्रांकडून दोन्ही बाजू लढवून घ्या. निकाल पाच-तीन असा फुटला तर चर्चा रंगते: तीच वस्तुस्थिती, तोच नियम, मग निकाल वेगळे का? वजन कोणी कशाला दिलं?

मुद्दा मांडायची सवय नसलेल्यांना चार पायऱ्या फळ्यावर लिहून द्या: मत, कारण, उदाहरण, सार. दक्षिण आफ्रिकेतल्या स्ट्रीट लॉच्या वर्गांतही ही रीत वापरली जाते. शाळकरी मुलाला ती पाच मिनिटांत जमते. मूट कोर्टात (कॉलेजातल्या सरावाच्या नकली खटल्यात) अडखळणाऱ्या विद्यार्थ्यालाही तिचा तेवढाच उपयोग होतो.

माहिती आणि सल्ला यांतली रेघ

सनद नसलेल्याने कायदेशीर सल्ला द्यायला अनेक देशांत मनाई आहे. आणि नियम नसता तरी पाच मिनिटांत ऐकलेल्या अर्धवट हकिकतीवर सल्ला देणं त्या माणसावर अन्याय आहे. कायदा सर्वांसाठी काय म्हणतो ते सांगणं म्हणजे माहिती. *तुमच्या* बाबतीत तुम्ही काय करावं ते सांगणं म्हणजे सल्ला.

सत्र संपलं की कोणीतरी पिशवीतून कागद काढतंच. तेव्हासाठी वाक्य तोंडात बसवून ठेवा: "काका, तुमचे कागद वकिलाने पूर्ण वाचल्याशिवाय मी काही सांगितलं तर तुमचंच नुकसान होईल. मोफत मदत कुठे मिळते त्याचा पत्ता या कागदावर आहे." पत्त्याचा हा कागद छापून नेलेला हवा, आणि त्यावरचे फोन आदल्या दिवशी लावून पाहिलेले हवेत. बंद पडलेला नंबर हातात ठेवणं काहीच न देण्याहून वाईट, कारण माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही. कागदावर मुदतीची तारीख दिसली तर एवढं जरूर सांगा: "मुदत जवळ दिसतेय, आजच वकिलाकडे जा." मुदत हुकली की चांगला दावाही बुडू शकतो.

सत्रात कोणी स्वतःची केस सांगू लागलं तर प्रेमाने थांबवा आणि तिचं काल्पनिक रूप करा: "समजा एका माणसाला अशी नोटीस आली..." सगळ्यांसमोर सांगितलेली गोष्ट गुप्त राहत नाही, हे सुरुवातीच्या सूचनेतच सांगून टाका.

कधी कोणी घरातल्या मारहाणीबद्दल किंवा लहान मुलावरच्या अत्याचाराबद्दल बोलतं. तेव्हा काय करायचं ते त्या क्षणी ठरवायची वेळ येऊ देऊ नका. पर्यवेक्षक आणि यजमान संस्था यांच्याशी आधीच बोलून कोणाला, किती वेळात कळवायचं ते लिहून ठेवा. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, कारण मुलांच्या बाबतीत अनेक ठिकाणी कळवणं बंधनकारक असतं. शाळेत सत्र असेल तर शाळेचे शिक्षक पूर्ण वेळ वर्गात हवेत.

काय बिघडतं

उत्तर माहीत नसतं, आणि तोंडाला येईल ते सांगितलं जातं. ही सर्वांत घातक चूक. "हे मला तपासावं लागेल" म्हणायचा सराव आरशासमोर करावा लागला तरी करा. चुकीचं बोलून गेलात आणि सोबत्याच्या लक्षात आलं, तर त्याने तिथेच, सरळ शब्दांत दुरुस्ती करावी.

"कायदा कागदावर ठीक आहे, प्रत्यक्षात कोण विचारतं?" हा प्रश्न जवळपास दरवेळी येतो. त्यावर कायद्याची वकिली करू नका. विचारणारा सहसा अनुभवावरून बोलत असतो. हक्क मिळण्यात कोणती पायरी अडते ते त्यालाच विचारा, पायऱ्या फळ्यावर मांडा, आणि अडलेल्या पायरीवर तक्रार कुठे करता येते ते दाखवा. तुमच्या अभ्यासक्रमात नसलेली माहिती अशीच मिळते.

एकच माणूस बोलत राहिला तर त्याला न्यायाधीश करा. निकाल देईपर्यंत न्यायाधीशाला फक्त प्रश्न विचारायची मुभा असते. राजकारण तापलं तर वाद नियमाच्या शब्दांवर आणा. पाट्या आणि स्लाइडांवर भर ठेवू नका, वीज गेली तरी सत्र चाललं पाहिजे.

सत्र संपल्यावर

श्रोत्यांना 'आवडलं का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. सुरुवातीच्या प्रसंगासारखाच, पण एक गोष्ट बदललेला प्रसंग द्या आणि चिठ्ठीवर उत्तर व कारण लिहून घ्या. कारण चुकलं असेल तर उत्तर बरोबर असूनही तुमचं शिकवणं कुठेतरी पोचलेलं नाही. ज्यांना लिहायची सवय नाही त्यांचं उत्तर सोबत्याने तोंडी विचारून टिपून घ्यावं. चिठ्ठीच्या मागे एक सुटलेला प्रश्नही मागा.

बाहेर पडल्यावर जोडीने १५ मिनिटं तिथेच बसा, घरी गेलं की तपशील विरतात. वहीत तीन गोष्टी लिहा: कोणत्या प्रश्नाला अडलो, कोणतं वाक्य दोनदा सांगावं लागलं, आणि कायद्याबद्दल माझं कोणतं मत आज हललं. अंतर्गत गुण या वहीवर असतील तर गोड गोड नोंदी लिहायचा मोह होतो. पर्यवेक्षकाने गुण अडलेल्या जागा किती नेमक्या लिहिल्या आणि पुढच्या आराखड्यात त्यावर काय केलं, यावर द्यावेत.

सुटलेल्या प्रश्नांची उत्तरं सात दिवसांत शोधा, पर्यवेक्षकाकडून तपासून घ्या आणि एका पानावर, सत्रात वापरलेल्याच भाषेत, यजमान संस्थेकडे पोचवा. त्या पानाची एक प्रत वहीत चिकटवा, वर कायदा तपासल्याची तारीख घाला. पुढच्या जोडीला तयारीची सुरुवात त्या पानापासून करता येते.